बारा हजारांचा पगार, दुकानाला दहा हजारांत

मध्य प्रदेशातल्या लोधीखेड्यात कंट्रोलच्या, म्हणजे रेशन दुकानाच्या, मशीनवर अंगठा टेकवला की चिठ्ठी निघते आणि माणशी ५ किलो धान्य थैलीत पडतं. लोकांना फुकटाची सवय लागली, असं म्हणणारा पारावर हमखास कोणी ना कोणी असतोच. तेव्हा आधी या फुकटाचाच हिशेब मांडू. १ जानेवारी २०२४ पासूनच्या पाच वर्षांसाठी केंद्र सरकारने ११.८० लाख कोटी रुपये खर्च धरला आहे आणि खाणारी तोंडं आहेत ८१.३५ कोटी. भागाकार केला तर माणशी वर्षाला २,९०० रुपये येतात, म्हणजे दिवसाला आठ.

दुसरं एक फुकट आहे, त्याच्यासाठी रांग लागत नाही. १ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ९९,४४६ कोटींची एक योजना मंजूर केली. आता ती प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना म्हणून ओळखली जाते. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात मालकाने ठरलेल्या संख्येइतकी जास्तीची माणसं घेतली आणि सहा महिने टिकवली, तर त्याला दर माणसामागे महिन्याला पैसे मिळतात. पीएफचा पगार १०,००० च्या वर आणि २०,००० पर्यंत असेल तर २,००० रुपये, दोन वर्षं. कारखाना असेल तर चार वर्षं. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्यालाही एका महिन्याचा पगार मिळतो, १५,००० पर्यंत, तोही दोन हप्त्यांत. पण एकदाच.

समजा, लोधीखेड्यातल्या चार माणसांच्या घरातला पोरगा नागपूरच्या एखाद्या मोठ्या दुकानात लागला. दिवसभर उभं राहून तेलाच्या पिशव्या रचायच्या, बारकोड लावायचे. पगार १२,०००. कंट्रोलमधून घरात येणाऱ्या धान्यावर सरकारचा महिन्याचा खर्च ९६७ रुपये. आईला लाडली बहना योजनेचे १,५००. पीएफ बाजूला ठेवला तर घर १४,४६७ रुपयांवर चालतं. त्यातले, मालकाला मिळणारे २,००० वजा जाता, दुकानाच्या गल्ल्यातून निव्वळ गेले १०,०००, बाकीचे ४,४६७ तुमच्या-आमच्या करातून. जवळजवळ तिसरा हिस्सा! आणि धान्यापोटी चौघांवर मिळून जेवढा खर्च होतो, त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम एकट्या मालकाला मिळते. समग्र आयडी, ई-केवायसी, अंगठा न उमटणं ही कटकट मात्र घरच्यांच्याच वाट्याला.

टप्पे कसे पाडलेत तेही बघा. पगार २०,००० असेल तर सरकारचा वाटा दहा टक्के, लाखाला तीन टक्के. दहा हजारांच्या जेमतेम वर ठेवला तर वीस टक्के. दहा हजार किंवा त्याहून कमी ठेवला तर जास्तीत जास्त हजारच मिळतात. म्हणजे मालकाला सगळ्यांत परवडतो तो दहा हजार नुकताच ओलांडलेला पगार.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. डी-मार्टच्या अॅव्हेन्यू सुपरमार्ट्स कंपनीचे सुमारे ६५ कोटी शेअर आहेत. त्यातले जवळपास पाऊण, म्हणजे साधारण ४८.५ कोटी, राधाकिशन दमाणी आणि त्यांच्या प्रवर्तक गटाकडे आहेत. शेअर एका रुपयाने चढला की संपत्ती ४८.५ कोटींनी वाढली! आपल्या पोराला तेवढे कमवायला, एक पैसाही न खर्चता, साधारण ३,३७० वर्षं लागतील. चंद्रगुप्त मौर्य गादीवर बसला त्याच्या हजार वर्षं आधीच त्याने कामाला लागायला हवं होतं. शेअर एका रुपयाने पडला तर तेवढेच जातातही, आणि ही संपत्ती कागदावरची आहे, हे मान्य. त्या कंपनीच्या पगारांबद्दलही मी काही म्हणत नाही. दोन टोकांमधलं अंतर दिसावं एवढ्यासाठी हे उदाहरण.

संपत्तीवर कर किती? मृत्यूनंतरची इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेली, संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्ये. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा आयकर २२ टक्क्यांवर आला. या आणि सोबतच्या इतर सवलतींपायी वर्षाला १.४५ लाख कोटी सोडावे लागतील, हा खुद्द सरकारचाच अंदाज. देशभरच्या फुकट धान्याच्या वर्षाच्या खर्चाचे हे साठ टक्के झाले.

अमेरिकेत हा हिशेब सरकारी तपासनिसांनीच मांडला. २०२० च्या त्यांच्या अहवालात, सरकारी अन्नमदत आणि मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य मदत) घेणारे कामगार कोणाकडे काम करतात याच्या यादीत वॉलमार्टचं नाव अगदी वर होतं. मदत घेणाऱ्या प्रौढ कमावत्यांपैकी सुमारे ७० टक्के पूर्णवेळ राबणारे होते. आळशी नव्हेत.

आपल्या योजनेलाही माझा विरोध नाही, गावातल्या पोरांना नोकऱ्या हव्याच आहेत. पण सरकारचे २,००० घेणाऱ्या मालकाने पगार वाढवावा, अशी अट त्यात नाही. पुढच्या खेपेला पांढुर्ण्याचे, छिंदवाड्याचे पुढारी मतं मागायला दारात आले, की ही अट कधी घालणार ते त्यांना विचारा.