नैरोबीतील कॉर्पोरेट कार्यक्रमांचे सुरक्षा नियोजन

नैरोबीतील कॉर्पोरेट कार्यक्रमांचे सुरक्षा नियोजन म्हणजे केनियाची राजधानी नैरोबी येथे कंपन्यांनी भरवलेल्या परिषदा, संचालक मंडळाच्या बैठका, वितरकांची संमेलने आणि मेजवान्या यांत सहभागी होणाऱ्या व्यक्तींच्या जीविताचे व आरोग्याचे रक्षण करण्यासाठी आगाऊ केलेली तयारी होय. स्थळाची निवड, पाहुण्यांची ने-आण, सुरक्षारक्षकांची नेमणूक, वैद्यकीय व्यवस्था आणि प्रसंगी कार्यक्रम रद्द करण्याचे निकष या सर्व बाबी तीत येतात.

नैरोबी हे पूर्व आफ्रिकेतील व्यापाराचे प्रमुख केंद्र आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे आणि मानवी वसाहतविषयक कार्यक्रमाचे मुख्यालय शहराच्या गिगिरी भागात आहे. १९७३ साली खुले झालेले केन्याटा आंतरराष्ट्रीय परिषद केंद्र शहराच्या मध्यभागी आहे. वर्षभर येथे असंख्य कार्यक्रम निर्विघ्नपणे पार पडतात. तरीही दहशतवादी हल्ले, रस्त्यावरील लूटमार, राजकीय निदर्शने आणि वाहतुकीची अनिश्चितता यांमुळे या शहराची गणना अधिक जोखमीच्या शहरांत केली जाते.

पार्श्वभूमी

नैरोबीत हॉटेले आणि व्यापारी संकुले ही हल्ल्याची लक्ष्ये ठरण्याचा इतिहास जुना आहे. ३१ डिसेंबर १९८० रोजी, नववर्षाच्या पूर्वसंध्येला, नॉरफोक हॉटेलात बॉम्बस्फोट झाला. ७ ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकेच्या दूतावासावर ट्रकबॉम्बने हल्ला झाला. त्यात नैरोबीत २१३ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुसंख्य केनियाचे नागरिक होते, आणि त्यांपैकी अनेकांचा दूतावासाशी काहीही संबंध नव्हता. शेजारची उफुंडी ही इमारत कोसळली. मुख्य स्फोटापूर्वीचा आवाज ऐकून आसपासच्या कार्यालयांतील लोक खिडक्यांकडे धावले होते. फुटलेल्या काचांनी त्यांतील कित्येकांचे डोळे गेले. मोठा आवाज झाल्यास खिडकीपासून दूर व्हावे, ही सूचना आजही कार्यक्रमाच्या प्रारंभी दिली जाते, तिला हा इतिहास आहे.

२१ सप्टेंबर २०१३ रोजी वेस्टगेट या व्यापारी संकुलावर अल-शबाब या सोमाली संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. त्यात ६७ जण मारले गेले आणि वेढा चार दिवस चालला. बळींमध्ये भारतीय वंशाच्या रहिवाशांचाही समावेश होता. त्या वेळी संकुलाच्या छतावरील वाहनतळावर मुलांसाठी एक पाककला स्पर्धा चालू होती. तिच्या आयोजकांवर कोणाचा रोख नव्हता. गर्दीच्या सार्वजनिक जागी भरलेला कार्यक्रम त्या जागेची जोखीमही आपल्याबरोबर घेतो, एवढाच याचा अर्थ. सुटकेच्या कारवाईत पोलीस व लष्कर यांच्यातील समन्वयाच्या अभावावर पुढे बरीच टीका झाली.

१५ जानेवारी २०१९ रोजी रिव्हरसाइड रस्त्यावरील दुसितडी२ हॉटेल व त्यालगतच्या कार्यालय संकुलावर अल-शबाबने हल्ला केला. एका आत्मघाती हल्लेखोराने हॉटेलच्या उपाहारगृहाजवळ स्वतःला उडवून दिले, तर इतरांनी फाटकातून गोळीबार करत प्रवेश केला. २१ जणांचा बळी गेला आणि सुमारे ७०० लोकांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. २०१६ साली याच तारखेला सोमालियातील एल आदे येथे केनियाच्या लष्करी तळावर हल्ला झाला होता. कार्यक्रमाची तारीख ठरवताना स्थानिक वर्षदिनांची यादी पाहण्याचा प्रघात अशा योगायोगांमुळे पडला असावा.

धोक्याचे मूल्यमापन

नियोजनाचा आरंभ जोखमीच्या मूल्यमापनाने होतो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेले आयएसओ ३१०३० हे मार्गदर्शक मानक कर्मचाऱ्यांच्या प्रवासातील जोखमीशी संबंधित असून अनेक कंपन्या त्याचा आधार घेतात. मूल्यमापनात शहराविषयीचा सर्वसाधारण धोका आणि त्या विशिष्ट कार्यक्रमाचा धोका यांत फरक करावा लागतो. चाळीस अभियंत्यांचे प्रशिक्षण आणि मंत्री, राजदूत व पत्रकार यांच्या उपस्थितीत होणारी करारावरील स्वाक्षरी हे दोन्ही कार्यक्रम एकाच हॉटेलात झाले, तरी त्यांची जोखीम सारखी नसते.

दहशतवादी हल्ल्याची कल्पना मनावर मोठा पगडा बसवते. त्यामुळे नियोजनाचा बहुतेक वेळ आणि पैसा तिच्यावर खर्च होण्याची प्रवृत्ती दिसते. प्रत्यक्षात सामान्य पाहुण्याची गाठ रस्ते अपघात, मोबाइल हिसकावणे, वाहन अडवून केलेली लूट, पोटाचे विकार आणि विमान चुकणे यांच्याशी पडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. चांगल्या आराखड्यात दुर्मीळ पण भीषण घटना आणि नित्याच्या किरकोळ घटना या दोहोंसाठी स्वतंत्र तरतूद असते.

स्थळाची निवड व पूर्वपाहणी

सर्व निर्णयांत स्थळाची निवड सर्वांत महत्त्वाची ठरते, कारण ती एकदा झाली की बाकीचे उपाय तिच्या मर्यादेतच करावे लागतात. नैरोबीतील मोठ्या हॉटेलांत फाटकाशी वाहनाच्या खालच्या भागाची आरशाने तपासणी, सामानाची क्ष-किरण तपासणी आणि धातुशोधक चौकट या गोष्टी सर्रास आढळतात. त्या आहेत की नाहीत याहून त्या कशा चालवल्या जातात हे पाहणे उपयुक्त असते. म्हणून पूर्वपाहणी करणारी व्यक्ती पूर्वसूचना न देता, वेगवेगळ्या वेळी, शक्यतो सायंकाळच्या गर्दीतही स्थळाला भेट देते. धातुशोधक वाजल्यावर रक्षक खरोखर थांबवतो का, नेहमीच्या टॅक्सीचालकाला न तपासता आत सोडतो का, सामान पोहोचवणाऱ्या गाड्यांच्या मागील फाटकावर कोण असते, हे कागदावर कळत नाही.

तपासणीची जागा इमारतीपासून किती दूर आहे, हा दुसरा प्रश्न. स्फोटाची तीव्रता अंतराबरोबर झपाट्याने घटते. त्यामुळे रस्त्यालगतच्या काचेरी दर्शनी भागातील सभागृहापेक्षा आवाराच्या आत, रस्त्यापासून मागे असलेले सभागृह अधिक सुरक्षित मानले जाते. १९९८ च्या अनुभवामुळे शेजारच्या इमारतींचाही विचार होतो: लगत एखादे दूतावास, सरकारी कार्यालय किंवा वारंवार निदर्शने होणारा चौक असल्यास तेथील धोका कार्यक्रमाच्या वाट्याला येतो.

सभागृहाला किमान दोन परस्परांपासून दूर असलेल्या बाहेर पडण्याच्या वाटा असाव्यात आणि त्या कार्यक्रमाच्या वेळी कुलूपबंद नसाव्यात. चोरी टाळण्यासाठी मागचे दरवाजे बंद ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी असते. किल्ली कोणाकडे आहे याची नोंद आराखड्यात करणे हा त्यावरचा साधा उपाय होय. बाहेर पडणे अशक्य झाल्यास आतून बंद करता येईल अशी खोलीही आधीच हेरून ठेवली जाते. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ रोजी ताज हॉटेलवर हल्ला झाला, तेव्हा तेथे हिंदुस्तान युनिलिव्हर या कंपनीची मेजवानी चालू होती. हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी मेजवानीच्या दालनाचे दरवाजे बंद केले, दिवे मालवले आणि पाहुण्यांना रात्रभर शांत ठेवले. पहाटे अग्निशमन दलाने शिड्या लावून त्यांना खाली उतरवले. त्या दालनाची व्यवस्था पाहणारी हॉटेलची अधिकारी अवघ्या २४ वर्षांची होती. संकटाच्या पहिल्या तासात निर्णय बहुधा सुरक्षा सल्लागाराला नव्हे, तर स्थळावरील वाढप्यांना व व्यवस्थापकांना घ्यावे लागतात. म्हणून पूर्वबैठकीत त्यांना सामील करून घेणे आवश्यक समजले जाते, जरी यजमान कंपन्या हे बऱ्याचदा विसरतात.

प्रवास व रस्ते

जोमो केन्याटा आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या आग्नेयेस आहे. २०२२ साली खुला झालेला २७ किलोमीटर लांबीचा नैरोबी द्रुतगती मार्ग म्लोलोंगो ते वेस्टलँड्स असा जातो व पथकर भरून वापरता येतो. त्यामुळे विमानतळावरून शहराच्या पश्चिम भागातील हॉटेलांकडे जाण्याचा वेळ पुष्कळ कमी झाला. मात्र या मार्गावरून उतरण्याच्या जागा मर्यादित असल्याने तो अडल्यास मोंबासा रस्त्याचा पर्याय चालकाला माहीत असावा लागतो. मार्च ते मे या दीर्घ पावसाळ्यात सखल रस्ते पाण्याखाली जातात. एप्रिल २०२४ मध्ये शहरात मोठा पूर आला होता.

पाहुण्यांना नेण्यासाठी ओळख पटलेले चालक नेमावेत, फलकावर कंपनीचे नाव न लिहिता आधी कळवलेला सांकेतिक शब्द लिहावा, आणि विमाने शक्यतो दिवसा उतरतील अशी तिकिटे काढावीत, असे सांगितले जाते. सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकाच बसमधून न नेण्याचा नियमही रूढ आहे.

रक्षक आणि पोलीस

केनियातील खासगी सुरक्षा व्यवसाय २०१६ च्या खासगी सुरक्षा नियमन कायद्याखाली येतो. खासगी रक्षक सामान्यतः निःशस्त्र असतात. सशस्त्र बंदोबस्त हवा असल्यास तो पोलीस दलाकडून अधिकृतरीत्या मागवावा लागतो, आणि परदेशी कंपनीने आपले शस्त्रधारी अंगरक्षक सोबत आणण्याची कल्पना सोडून द्यावी लागते. निःशस्त्र रक्षकाचे काम हल्ला परतवणे हे नसून तो लवकर ओळखणे, फाटक बंद करणे आणि आतल्यांना कळवणे हे असते. त्यामुळे त्याच्याकडे चालू स्थितीतील बिनतारी संच आहे का आणि त्याचा संदेश नेमका कोणाकडे जातो, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्या गणवेशापेक्षा महत्त्वाची असतात.

वैद्यकीय व्यवस्था

आगा खान विद्यापीठ रुग्णालय आणि नैरोबी हॉस्पिटल ही शहरातील नामांकित खासगी रुग्णालये आहेत. विल्सन विमानतळावरून काम करणारी अम्रेफची हवाई रुग्णसेवा १९५७ साली सुरू झालेल्या उपक्रमातून वाढली आहे. स्थळापासून रुग्णालयापर्यंतचा वेळ गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष मोजून पाहिला जातो. तीव्र रक्तस्राव रोखण्याचे साहित्य आणि ते वापरता येणारी किमान एक व्यक्ती सभागृहातच असणे इष्ट असते.

सुमारे १,८०० मीटर उंचीमुळे नैरोबीत हिवतापाचा धोका कमी आहे. पण कार्यक्रमानंतर मोंबासा किंवा मसाई मारा येथे सहल असल्यास प्रतिबंधक औषधांचा सल्ला घ्यावा लागतो. भारतातून जाणाऱ्यांच्या बाबतीत पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र हा कळीचा कागद आहे. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे ते नसल्यास भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते, त्यामुळे आयत्या वेळी ठरलेला पाहुणा येथेच अडतो.

निदर्शने आणि कार्यक्रम रद्द करणे

२५ जून २०२४ रोजी वित्त विधेयकाविरुद्धच्या आंदोलनात निदर्शक संसदेच्या आवारात घुसले आणि इमारतीच्या काही भागाला आग लागली. त्याच दिवशी देशातील इंटरनेट सेवेतही मोठा व्यत्यय आला. समाजमाध्यमांवरील संदेशगटावरच सर्व संपर्क अवलंबून ठेवणाऱ्या आयोजकांना अशा वेळी दुसरा मार्ग उरत नाही. म्हणून साधे दूरध्वनी क्रमांक, छापील यादी आणि ठरावीक एकत्र जमण्याची जागा आराखड्यात असते. ७ जुलै हा ‘सबा सबा’ दिवसही निदर्शनांसाठी ओळखला जातो. २०२५ साली त्या दिवशी पोलिसांनी शहराच्या मध्यभागाकडे जाणारे रस्ते बंद केले होते.

कार्यक्रम पुढे ढकलण्याचे निकष आधीच लेखी ठरवणे आणि निर्णयाचा अधिकार एका नामनिर्देशित व्यक्तीला देणे ही पद्धत योग्य मानली जाते. हॉटेलची आगाऊ रक्कम बुडेल या विवंचनेत पडलेल्या विक्री विभागाकडे हा अधिकार असू नये.

कायदेशीर जबाबदारी

२९ जून २०१२ रोजी केनियाच्या ईशान्येकडील ददाब निर्वासित छावणीत नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल या संस्थेच्या महासचिवांच्या भेटीदरम्यान वाहनताफ्यावर हल्ला झाला. एक चालक ठार झाला आणि चार कर्मचाऱ्यांचे अपहरण झाले. चार दिवसांनी त्यांची सुटका झाली. त्यांतील एकाने दाखल केलेल्या दाव्यात ऑस्लो जिल्हा न्यायालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये संस्थेला घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवून नुकसानभरपाई देण्यास सांगितले. अपहरणाचा धोका आधी कळण्याजोगा होता व तो कमी करण्याचे उपाय उपलब्ध होते, असे न्यायालयाचे मत पडले. ही संस्था कंपनी नव्हती आणि ददाब नैरोबी नव्हे; तरीही वरिष्ठांच्या दौऱ्यासाठी सोबतच्या कर्मचाऱ्यांना ज्ञात धोक्यात नेणाऱ्या कोणत्याही मालकाला हा निकाल लागू पडू शकतो, अशा समजुतीने कंपन्यांच्या विधी विभागांत त्याचा अभ्यास केला जातो.