अफवेचा प्रवास आणि मतांची घडण

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याहून धडगावकडे जाणाऱ्या मार्गावर म्हसावद हे मोठे गाव वसले आहे. या परिसरात भिली, पावरी, अहिराणी, गुजरी अशा अनेक बोली कानी पडतात. शासकीय परिपत्रकाची मराठी या सर्वांपर्यंत सारख्याच सुलभतेने पोहोचते, असे म्हणता येणार नाही. मोबाइलवरील चित्रफितीला ही अडचण येत नाही. ती पाहण्यास अक्षरओळखही लागत नाही.

हे सामर्थ्य किती घातक ठरू शकते, याचा अनुभव शेजारच्या धुळे जिल्ह्याने घेतला आहे. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार केले. त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याकडचे होते. मारहाण ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही झाली, ही बाब पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावयास हवी. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या पाच जणांना पोलिसांनी वाचविले. त्यांत एक लहान मूलही होते.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी तयार केली होती. मूल परत आणून दिल्याचा तिचा शेवट कोणीतरी कापून टाकला आणि उरलेला भाग अपहरणाचा पुरावा म्हणून पुढे गेला. वृत्तपत्रातील मजकुराखाली संपादकाचे नाव असते. येथे मूळ कर्ता दिसतच नाही. संदेश येतो तो मामाकडून, शाळासोबत्याकडून वा भावकीच्या गटातून. पाठविणाऱ्यावरील विश्वास हाच संदेशाचा पुरावा ठरतो. तोच संदेश तीन-चार गटांतून आला की ‘सर्वच जण सांगतात’ अशी समजूत होते. वस्तुतः उगम एकच असतो.

राजकीय आणि धार्मिक मतेही याच वाटेने घडतात. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी दोन साधू व त्यांच्या वाहनचालकाची जमावाने हत्या केली. टाळेबंदीच्या दिवसांत त्या भागात चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. पुढे या घटनेच्या चित्रफिती देशभर पसरल्या आणि तिला हिंदू-मुस्लिम वादाचा रंग दिला गेला. अखेर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून त्यांत एकही मुस्लिम नसल्याचे सांगितले. खुलासा अधिकृत होता, परंतु ज्यांनी आधी चित्रफीत पाहिली त्या सर्वांनी तो वाचला असेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. संतापाला जी गती लाभते ती खुलाशाला लाभत नाही.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये अनेकवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच वा अधिक व्यक्तींनी मिळून केलेल्या हत्येस जन्मठेप किंवा मृत्युदंडाची तरतूद आहे. खोटी माहिती पसरवून लोकांत भीती वा वैर निर्माण करणे कलम ३५३ अन्वये गुन्हा ठरतो.

तथापि कायदा बहुधा घटनेनंतर येतो. भटके लोक गावात उतरले, तर त्यांची नोंद पोलीस पाटलाकडे करून त्याच सायंकाळी पाड्यापाड्यावर तेथील बोलीत दवंडी देणे ग्रामपंचायतीस सहज शक्य आहे. शिक्षकांना वर्गात एखादी जुनी चित्रफीत दाखवून ती कोठली, केव्हाची आणि तिचा शेवट कोठे गेला, हे मुलांकडूनच शोधून घेता येईल. संशय आल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे आणि ते येईपर्यंत परक्या माणसास बंद खोलीत जमावाच्या स्वाधीन न करता गावातील चार जबाबदार व्यक्तींच्या सोबतीत बसवावे.