किक मारण्याआधी ॲमीटरकडे पाहा!

दिल्लीकर मराठी कुटुंबांना पहाडगंज ठाऊक असते ते नूतन मराठी शाळेमुळे. पुण्या-मुंबईच्या तरुणांना मात्र ते ठाऊक असते मनालीच्या वाटेवरचा पहिला मुक्काम म्हणून! नवी दिल्ली स्टेशनातून बाहेर पडायचे, मेन बाजारातल्या एखाद्या स्वस्त लॉजमध्ये पाठपिशवी टाकायची आणि जवळच्या करोलबागेत बुलेट बघायला निघायचे. काही जण आपली गाडी रेल्वेच्या पार्सलने आणतात. पार्सलला देताना टाकी रिकामी करावी लागते, हे दिल्लीत उतरल्यावर विसरले जाते आणि भर उन्हात किकवर किक सुरू होते!

जुन्या बुलेटला नुसता जोर चालत नाही. 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या या गाडीची एक रीत आहे. चावी फिरवून किक हळूहळू दाबायची. ती कडक लागली आणि ॲमीटरचा काटा मध्यावर आला, की डाव्या मुठीजवळचा डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून किक किंचित पुढे सरकवायची. मग खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि एकच पूर्ण किक मारायची. घाई केली तर किक उलटी फिरते आणि नडगी सडकून निघते. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक, हा घोळ आणखी वेगळाच.

पण खरा धोका असतो नव्या किंवा नुकत्याच बोअर केलेल्या इंजिनाचा. नवा बिडाचा तवा तेल-कांद्यावर मुरवल्याशिवाय त्यावर कोणी धिरडे घालत नाही. इंजिनाचेही तसेच. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक रेघा असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून नीट बसायला काहीशे किलोमीटर लागतात. त्या काळात सुटलेला धातूचा कीस ऑइलमध्ये उतरतो, म्हणून पहिले ऑइल लवकर, साधारण 500 किलोमीटरला बदलायचे.

दिल्ली ते मनाली हे अंतरही जवळपास तेवढेच! म्हणजे रनिंग वाटेतच पुरे होऊ शकते. मात्र चंदीगडपर्यंतचा सपाट, रुंद रस्ता मोह घालतो. मूठ पूर्ण पिळली, की हवेवर थंड होणारे ते इंजिन तापते, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. मागचे चाक एकाएकी अडकते. मागून ट्रक येत असेल तर काय, हे सांगायला नको. गाडीची ओढ कमी झाली, आवाज बदलला, की तत्काळ क्लच दाबून कडेला घ्यावे. एरवीही वेग कमी-जास्त करत राहावे, वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथवू नये आणि अधूनमधून चहाला थांबावे. (चहाला निमित्त लागते कुणाला!)

थांबतानाही चढ संपल्याबरोबर चावी फिरवू नये. मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवून मगच ते बंद करावे. पेट्रोलचा कॉक न विसरता फिरवावा. कार्बोरेटरची सुई नीट बसत नसेल तर रात्रभरात पेट्रोल झिरपते आणि सकाळी लॉजच्या दारात पुन्हा किकचा कार्यक्रम सुरू होतो.