खिशातल्या पात्याखाली दीडशे किलोमीटर खोल विहीर

चिखलीच्या बाजारात विळे-खुरपी मांडून बसलेल्या घिसाडी कारागिराकडून एक चाकू घ्या, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेला. दुसरा घ्या व्हिक्टोरिनॉक्सचा, स्वित्झर्लंडचा लाल घडीचा चाकू. १८८४ साली सुरू झालेलं हे घराणं. तिसरा घ्या हौशी मंडळी ज्यासाठी पैसे साठवतात तो, एस९०व्ही नावाच्या पोलादाचा. हे पोलाद आधी भुकटी करून मग दाबून एकजीव केलेलं असतं. निरनिराळी पोलादं आजमावण्यासाठी चाकू घेत राहणारे लोक जगभर आहेत आणि त्यांचा छंद मला मनापासून पटतो. हातात तिन्ही पाती सारखीच दिसतात. आत मात्र असे आकडे दडलेत की डोकं गरगरावं!

पाट्याच्या आणि स्विस पात्यातला कार्बन जवळपास सारखाच, शंभर ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. ट्रकचा पाटा आणि स्विस चाकू, कार्बनपुरते सख्खे भाऊ! फरक क्रोमियमचा. स्विस पात्यात ते शेकड्याला चौदा-पंधरा, म्हणून ते गंजत नाही. आपल्या पाट्याला पावसाळ्यात तेलाचं बोट लावावंच लागतं. एस९०व्हीमध्ये क्रोमियम १४ टक्के, व्हॅनेडियम ९ टक्के आणि कार्बन थेट २.३ टक्के.

आता कठीणपणा. विकर्सच्या चाचणीत हिऱ्याचं टोक पोलादात दाबतात आणि एका चौरस मिलिमीटरला किती किलो भार सोसला ते मोजतात. स्विस पात्याचा आकडा सहाशेच्या वर. म्हणजे चौरस सेंटिमीटरला, करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, साठ टन! चिखलीला अजून रेल्वे नाही, खामगाव-जालना मार्गाची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या; तेव्हा मालगाडी बघायला मलकापूरला चला. कोळशाने भरलेला एक उघडा डबा, चाकांसकट, सुमारे ८१ टन. असा जवळजवळ पाऊण डबा नखावर! एस९०व्ही सत्तर टनांपर्यंत जातं. आणि त्याच्या पोटातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण? २८०० विकर्स, म्हणजे २८० टन. साडेतीन भरलेले डबे, एका नखावर!

मग चाकू बोथट होतोच कसा? वाळूमुळे. वाळूतली गारगोटी अकराशे विकर्सच्या घरात, एकशे दहा टन. पोलादापेक्षा मातीतला कण भारी! शेतात खुरप्याची धार मरते ती याच कणांनी. शेफील्डची काट्रा संस्था धार किती टिकते ते यंत्रावर तपासते, तेव्हा कापायच्या जाड कागदात मुद्दाम पाच टक्के वाळू मिसळलेली असते. या वाळूला वरचढ ठरतात ते फक्त कार्बाइडचे कण, म्हणून तर लोक त्या पोलादामागे वेडे होतात.

धारेकडे या. चांगल्या धारेची कड जेमतेम एक मायक्रॉन रुंद. केस याच्या पन्नासपट तरी जाड. आता सुतळी कापा. धारेचा एक सेंटिमीटर भाग सुतळीवर टेकलाय आणि हाताचा जोर फक्त दीड किलो. पण तो जोर पडतोय चौरस सेंटिमीटरच्या दहा हजाराव्या भागावर. भागाकार करा: चौरस सेंटिमीटरला पंधरा हजार किलो! एवढा दाब पाण्याने द्यायचा तर पाण्याचा स्तंभ हवा दीडशे किलोमीटर उंच. मुंबई-पुणे अंतर उभं करा आणि तेवढी विहीर खणा! आपल्याकडच्या पन्नास फुटी विहिरी एकीखाली एक लावल्या, तर जवळपास दहा हजार लागतील. सुतळीने टिकावं तरी कसं?

आणि हा कठीणपणा येतो कधी? भात्याने फुललेला लाल-केशरी पाटा ऐरणीवर येतो, बाई घण घालते, कारागीर सांडशीने पातं फिरवतो. मग पुन्हा तापवून फक्त धारेकडची बाजू पाण्यात. चर्रर! याला म्हणतात पाणी पाजणं. त्या क्षणी आतले अणू जागा बदलून नव्या, ताठ मांडणीत बसतात. लोखंडाच्या काही मिश्रधातूंत या बदलाचा वेग मोजलाय, तो सेकंदाला एक किलोमीटरच्या वर! त्या वेगाने मुंबईहून निघालात तर अडीच मिनिटांत पुणे. पण इथे प्रवास संपतो मिलिमीटरच्या दहाव्या भागात, सेकंदाच्या एक कोटीव्या अंशात.

गर्दी किती, तेही मोजू. एस९०व्हीचं वीस ग्रॅमचं पातं. त्याचा पाचवा हिस्सा कार्बाइड आणि कणाचा व्यास दोन मायक्रॉन धरा. कण निघतात बारा हजार कोटी! जगाची लोकसंख्या आठशे कोटी. पंधरा जगं एका पात्यात, तेही घडी करून खिशात.

हेही थोडं वाटावं असा हिशेब शेवटी. पाट्याचा तोच साधा चाकू, पातं वीस ग्रॅमचं, कार्बन ०.६ टक्के धरा. ग्रॅमच्या आठव्या भागाहूनही कमी, काजळाची चिमूटसुद्धा नव्हे. त्यातल्या प्रत्येक अणूला एक रुपया लावा आणि ती रक्कम १४० कोटी भारतीयांत सारखी वाटा. प्रत्येकी किती? लाख नाही, कोटी नाही, चार लाख कोटींहून जास्त! केंद्र सरकारचा २०२५-२६चा अर्थसंकल्प सुमारे ५०.६५ लाख कोटींचा. चिखलीच्या एका गल्लीतली बारा माणसं उठली आणि आपला वाटा मांडला, तर देशाचा वर्षाचा खर्च निघाला! तेराव्याला हात लावायची गरज नाही. आणि हे झालं फक्त कार्बनचं. त्याच पात्यातले लोखंडाचे अणू याच्या पस्तीसपट आहेत.