नेडुंबासेरीचे कुरियन

विमानतळ उभारताना सरकारी अधिकाऱ्याच्या वाट्याला सहसा भूसंपादन येतं. सातबारा, मोजणी, मोबदला, मोर्चे. ते निस्तरेपर्यंत बदलीची ऑर्डर येते आणि काम पुढच्याच्या गळ्यात पडतं. केरळ केडरचे आयएएस अधिकारी व्ही. जे. कुरियन यांचं तसं झालं नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते एर्नाकुलमचे जिल्हाधिकारी होते. २०२१मध्ये पायउतार झाले ते कोचीन इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड, म्हणजे ‘सियाल’चे व्यवस्थापकीय संचालक म्हणून. मध्ये राज्याचं रस्ते व पूल विकास महामंडळ झालं, मसाला मंडळाचं अध्यक्षपद झालं. पण सियालची सूत्रं तीन वेगवेगळ्या कालखंडांत त्यांच्याकडे आली.

कोचीचा जुना विमानतळ विलिंग्डन बेटावर, नौदलाच्या तळावर होता. धावपट्टी आखूड, त्यामुळे मोठी विमानं उतरवायची सोय नाही. आखातात राबणाऱ्या कित्येक मल्याळी माणसांना घर गाठण्यासाठी मुंबईचा वळसा पडायचा. नवा विमानतळ हवा हे सगळ्यांना मान्य होतं, पैशाचं मात्र कुणीच बोलत नव्हतं. तेव्हा विमानतळ बांधायचा तर केंद्राने, अशीच रीत होती.

कुरियन यांचा हिशेब साधा होता. खर्च साधारण २०० कोटी. परदेशातल्या चार लाख मल्याळी लोकांनी प्रत्येकी ५,००० रुपये बिनव्याजी दिले की काम झालं. मुख्यमंत्री के. करुणाकरन यांनी पाठबळ दिलं, १९९३मध्ये सोसायटी स्थापन झाली. प्रत्यक्षात जमले जेमतेम चार-पाच कोटी.

माझ्या मते या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा टप्पा या अपयशानंतरचा आहे. देणगीवजा ठेव मागून लोक येत नाहीत, तर त्यांना मालकी देऊ, असं ठरलं. ३० मार्च १९९४ रोजी सियाल ही पब्लिक लिमिटेड कंपनी नोंदवली गेली. राज्य सरकार मोठं भागधारक झालं, हुडकोने कर्ज दिलं, आणि पुढे ज्यांचा धंदा याच विमानतळावर चालणार होता त्या एअर इंडिया आणि भारत पेट्रोलियमलाही भांडवलात ओढलं. सुमारे ३० देशांतल्या हजारो अनिवासी भारतीयांनी समभाग घेतले. खाजगी भागीदारीतून उभा राहिलेला हा देशातला पहिला विमानतळ. २५ मे १९९९ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी नेडुंबासेरीत त्याचं उद्घाटन केलं. धावपट्टी ३,४०० मीटरची, मोठी विमानंही सहज उतरतील अशी. २००३-०४पासून कंपनी लाभांशही देते आहे.

याची किंमत जमिनीने मोजली. सुमारे १,३०० एकर जागा घेतली गेली आणि ८२२ कुटुंबांचं पुनर्वसन करावं लागलं. विस्थापितांना विमानतळावरची कामं आणि टॅक्सीचे परवाने मिळाले. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्धचा दि. बा. पाटलांचा लढा आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीची मागणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळं सांगायला नको की गेलेल्या शेताची भरपाई टॅक्सीच्या परवान्याने पूर्ण होत नाही. तरीही विमानतळाच्या रोजच्या व्यवहारात विस्थापितांना जागा ठेवली गेली, हे महत्त्वाचं आहे.

सौरऊर्जेची कथा बहुतेकांना माहीत असते. विजेचं बिल डोईजड होत होतं, म्हणून २०१३मध्ये छतावर १०० किलोवॅटचे पॅनेल बसवून पाहिले. १८ ऑगस्ट २०१५ रोजी कार्गो संकुलाजवळच्या ४५ एकरांवर १२ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला आणि पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा हा जगातला पहिला विमानतळ ठरला. दिवसा जादा झालेली वीज राज्याच्या ग्रिडला द्यायची आणि रात्री परत घ्यायची, त्यामुळे बॅटऱ्यांचा खर्च वाचला. पॅनेलच्या ओळींमध्ये भाजीपाला लावला आहे. पॅनेल धुतलेलं पाणी खाली वाफ्यांत उतरतं, आणि जमीन हिरवी राहिल्याने काचांवर धूळही कमी बसते. २०१८मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार सियालला मिळाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेरियार नदीला पूर आला आणि हा विमानतळ पाण्याखाली गेला. संरक्षक भिंत दोन किलोमीटरहून जास्त लांबीत कोसळली, पॅनेलची नासधूस झाली, २९ ऑगस्टपर्यंत उड्डाणं बंद राहिली. भातखाचरं बुजवून आणि चेंगल थोडू या ओढ्याचा मार्ग बदलून हा परिसर तयार केला होता. पुरस्कार मिळवणाऱ्या कंपनीच्या खात्यावर हेही मांडावंच लागतं. दोन आठवड्यांत कामकाज पूर्ववत झालं, ते कुरियन यांच्याच कारकिर्दीत. पाण्याला वाट करून देण्याचं ‘ऑपरेशन प्रवाह’ मात्र नंतर हाती घेतलं गेलं.

नवी मुंबईतही नव्या विमानतळाच्या धावपट्टीसाठी अशीच उलवे टेकडी कापली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. पनवेल परिसरातल्या प्रत्येक ओढ्याचं पाणी आता कुठून जातं आणि मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळी आली तर कुठे साचेल, याचे नकाशे सिडकोने आणि विमानतळ कंपनीने गावागावांत लावायला हवेत. तेही पुढचा पावसाळा येण्याआधी.