इटलीहून परत आल्यावर पुढे काय?



अजिंठ्याच्या पायथ्याशी माळा आणि चमकते दगड विकणारी पोरे परदेशी पाहुणा दिसला की आधी 'हॅलो' म्हणतात, मग 'बोंजूर', आणि पाहुणा इटलीचा निघाला तर 'बोनजोर्नो'. कोणत्याही शाळेत न जाता, पोटासाठी कानाने उचललेली ही भाषा. आम्हाला तिचे मोठे कौतुक वाटते. पण आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच्या पुढच्या पायरीबद्दल.

आपल्या समाजातील मुले-मुली आता शिष्यवृत्ती मिळवून परदेशी जाऊ लागली आहेत. समजा, आपल्या छत्रपती संभाजीनगरातील (औरंगाबादेतील) एखादी मुलगी वर्षभर इटलीत राहून आली. फाडफाड इटालियन बोलू लागली. आता ती म्हणते, मला याच भाषेत एम.ए. करायचे आहे. घरचे विचारतात, "भाषा येते ना तुला? मग पुन्हा पैसे कशाला घालायचे? नोकरी बघ." ज्या घरात एकच माणूस कमावतो, त्या घराने हा प्रश्न विचारला तर त्यात चूक काही नाही. पण त्याला उत्तर आहे.

वर्षभरात येते ती बाजाराची, बसची, खानावळीची भाषा. उत्तर इटलीत माणूस बोलताना 'मी गेलो' यासाठी 'सोनो अंदातो' म्हणतो. तोच माणूस इतिहासाचे पुस्तक उघडतो तेव्हा तिथे 'अंदाई' हे दुसरेच रूप असते. बोलीवर भागवणारा पुस्तकाच्या दारातच अडतो.

बाबासाहेबांचेच पाहा. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. 1913 साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र असा डोंगराएवढा अभ्यास सुरू असताना त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मनचेही वर्ग घेतले. ते तिथेच थांबले नाहीत. 1922 मध्ये त्यांनी थेट जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव घातले. लंडनच्या प्रबंधामुळे तिथे फार राहणे झाले नाही, ही गोष्ट वेगळी.

आता कुणी म्हणेल, इटालियनमध्ये आपल्यासाठी आहे काय? आहे. ज्या 1891 साली बाबासाहेब जन्मले, त्याच साली इटलीच्या सार्डिनिया बेटावर आंतोनियो ग्राम्शी जन्मला. पाठीला कुबड, घरी दारिद्र्य. अकराव्या वर्षी तो कचेरीत कामाला लागला. 1911 मध्ये गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीवर तूरिनच्या विद्यापीठात पोचला आणि तिथे भाषाशास्त्र शिकू लागला. पुढे मुसोलिनीच्या राजवटीने 1926 मध्ये त्याला तुरुंगात टाकले. तिथे त्याने 33 वह्या लिहिल्या. त्यातल्या चार तर निव्वळ भाषांतराच्या आहेत. कोठडीत बसून हा गडी जर्मन पक्की करीत होता!

या वह्यांतली पंचविसावी वही समाजाच्या तळाशी दाबलेल्या माणसांच्या इतिहासावर आहे. इटालियनमध्ये सर्व वह्यांची चार खंडांची आवृत्ती 1975 मध्ये आली. इंग्रजीत मात्र 1971 पासून निवडक उतारेच हाती होते. या वहीचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने निघाले ते 2021 मध्ये, आणि तेही बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेकडून. म्हणजे ज्याला इटालियन वाचता येत होते, त्याला 1975 सालीच जे मिळाले, त्यासाठी बाकीच्यांना आणखी 46 वर्षे थांबावे लागले. आणि मराठीत थेट इटालियनमधून आणणारे हात आपल्यात किती?

बार्बियानाची गोष्टही अशीच. तस्कनीच्या डोंगरातल्या या खेड्यात लोरेंत्सो मिलानी या पाद्र्याने शेतकऱ्यांच्या, शाळेने नापास करून हाकललेल्या मुलांची शाळा चालवली. त्यातल्या आठ मुलांनी मिळून 1967 मध्ये बाईंना एक पुस्तकभर पत्र लिहिले. शाळा कुणाला नापास करते, याचा हिशेबच त्यांनी आकडे देऊन मांडला. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. ज्या घरात मूल शाळा सोडायच्या बेतात असेल, त्या घराने ते जरूर आणावे. मिलानीचा सारा भर भाषेवर होता. गरिबाला शब्द कमी पडतात म्हणून तो मागे राहतो, असे त्याचे म्हणणे. आपल्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून हसलेले ज्याने वर्गात ऐकले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

राहिला व्यवहार. आपल्या विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे, तिथे चौकशी करून पायाभरणी करता येते. इटालियनमध्ये एम.ए. करायचे तर दिल्ली विद्यापीठ आहे. दोन वर्षे लागतील. तोवर पर्यटकांना गुंफा दाखवणे, भाषांतराची कामे घेणे, असे करून खर्चाचा काही भार मुलीला स्वतः उचलता येईल. इटलीत वापरलेली वही आणि शब्दकोश मात्र आल्या आल्या माळ्यावर टाकू नयेत. रोज दोन पाने वाचली नाहीत तर वर्षाची कमाई हळूहळू ओसरते.