बटणाचा हँडब्रेक : दुरुस्तीतील दक्षता

२००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीज मोटारीत हँडब्रेकच्या दांड्याऐवजी बटण आले. आज अशा अनेक मोटारी आपल्या रस्त्यांवर धावत आहेत. बहुतेकांत बटण दाबताच मागील कॅलिपरवरील लहानशी विद्युत मोटर आतील स्क्रू फिरविते. त्यावरील नट पिस्टनला रेटतो आणि पॅड चकतीला घट्ट आवळतात.

झिजलेले पॅड बदलताना पिस्टन क्लॅम्पने मागे दाबण्याची जुनी रीत येथे घात करते. नट मागे घेतलेला नसल्यास सारा दाब स्क्रूवर व दातेरी चाकांवर येतो आणि पॅडपायी कॅलिपरच निकामी होऊ शकतो. म्हणून मोटार सपाट जागी उभी करून पुढील चाकांना अटकाव द्यावा; मग निदानयंत्राने किंवा त्या मोटारीच्या पुस्तिकेतील क्रमाने ब्रेक दुरुस्तीच्या स्थितीत आणावा. बॅटरी उतरलेली नसावी. कॅलिपर सुटा असताना बटणाला कोणीही, विशेषतः उत्साही चालकाने, हात लावू नये. मेकॅनिकचे बोट चिरडण्याइतका त्यात जोर असतो.

पॅड बसविल्यावर पेडल कडक लागेपर्यंत दाबावे, दुरुस्तीची स्थिती रद्द करावी आणि मगच मोटार उतारावर तपासावी.